कुहीच्या आकाशातील अंश

नागपूरच्या आग्नेयेस साधारण ४० किलोमीटरवर असलेले कुही हे तालुक्याचे गाव २१ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.४ अंश पूर्व रेखांश यांच्या अगदी जवळ वसलेले आहे, आणि परदेशी दूरचित्रवाणी घरबसल्या पाहण्यासाठी १९९०च्या दशकात जी मोठी तबकडी लागत असे तिचे तोंड येथून आकाशात नेमके कोठे वळवायचे हे या दोन आकड्यांवरूनच ठरते. हाँगकाँगची ‘स्टार’ वाहिनी ज्या एशियासॅट-१ उपग्रहावरून प्रसारित होत होती तो विषुववृत्तावर १०५.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर होता. कुहीतून पाहता त्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन, सुमारे १२६ अंश येतो आणि उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, सुमारे ५१.५ अंश येते. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगानेच विषुववृत्तावरून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर फिरत असल्याने जमिनीवरून तो एका जागी खिळलेला भासतो, आणि म्हणूनच तबकडी एकदा नीट बसवली की तिला पुन्हा हलवावे लागत नाही. कुहीपासून या उपग्रहाचे सरळ अंतर सुमारे ३६,९८० किलोमीटर भरते, मुंबईपासून ते सुमारे ३७,२९० किलोमीटर भरते. म्हणजे पूर्वेकडच्या या उपग्रहाच्या हिशेबात विदर्भातले हे गाव मुंबईपेक्षा ३०० किलोमीटरने जवळ होते, आणि तेथील तबकडीला क्षितिजाच्या बरेच वर पाहता येत असल्याने झाडे-इमारतींचा अडथळाही कमी होता.

दूरचित्रवाणीच्या जमिनीवरील इतिहासात हा क्रम नेमका उलटा आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुढच्या वर्षी पुण्याला चित्र मिळू लागले, आणि विदर्भाला त्यानंतर दशकभर थांबावे लागले. जमिनीवरील प्रक्षेपकाच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यात प्रवास करतात, त्यामुळे मनोऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतसे चित्र विरत जाते आणि पडद्यावर, मराठी घरांतल्या नेहमीच्या शब्दात सांगायचे तर, मुंग्या दिसू लागतात. मनोऱ्याजवळचा तो नशीबवान आणि काठावरचा तो उपेक्षित, हा भेद त्या तंत्रातच आहे. उपग्रहाला हा भेद ठाऊक नाही. तालुक्याच्या गावांत मोठी तबकडी आली तेव्हा तिच्याबरोबर कार्यक्रम जसे आले तशी अंतर मोजण्याची वेगळी पद्धतही आली, आणि या लेखाच्या दृष्टीने तिचे खरे महत्त्व त्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

तबकडीचा इतिहास मात्र परदेशी करमणुकीपासून सुरू होत नाही, तो खेड्यातल्या सामुदायिक संचापासून सुरू होतो. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ साली भारताच्या अणुऊर्जा विभागाने अमेरिकेच्या ‘नासा’शी करार केला आणि त्यातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम थेट पोहोचवण्यात आले. या प्रयोगाचे व्यवस्थापन कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण त्याच्या दोन्ही अंगांना प्रयोग चालू होता: पूर्वेला तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर-दुर्ग भागात आणि दक्षिणेला मराठी-कन्नड सीमेवरच्या गुलबर्गा-विजापूर भागात. प्रत्येक खेड्यात सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी होती आणि ती पत्र्याची नव्हती, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची होती.

ही जाळी का चालली याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि पुढे परदेशी वाहिन्यांच्या वेळी ती का चालली नाही याचेही तेथेच आहे. जाळीच्या डोळ्याचा आकार लहरीच्या लांबीच्या सुमारे दहाव्या हिश्शाहून लहान असला तर लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखी वाटते आणि ती परावर्तित होते. भोक त्याहून मोठे असले तर लहरीचा भाग पलीकडे गळून जातो. साइटची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ होती, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचे भोकही खपून गेले. परदेशी वाहिन्या ज्या ‘सी-बँड’ पट्ट्यात येत होत्या त्याची वारंवारता ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर. तेथे भोक सात मिलिमीटरांहून मोठे चालत नाही आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणाही काही मिलिमीटरांतच राहावा लागतो. सरकारी योजनेतल्या सामुदायिक तबकडीवर खाजगी प्रेक्षकाला परस्पर परदेशी चित्र पकडता आले नसते, ते या एका मोजमापामुळे.

साइटच्या काळातली एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे ‘परदेशी दूरचित्रवाणी’ या शब्दाकडे नव्याने पाहावे लागते. १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात भूस्थिर उपग्रहांची कल्पना मांडणारे लेखक आर्थर क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत होते. इस्रोच्या अभियंत्यांनी १९७५ साली त्यांच्या घरी तबकडी बसवून दिली आणि भारतीय खेड्यांसाठीचे कार्यक्रम श्रीलंकेतील त्यांच्या दिवाणखान्यात दिसू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्टीफन बर्किल या अभियंत्याने स्वतः जुळवलेल्या उपकरणांनी एटीएस-६चे हेच प्रक्षेपण घरी पकडले, जरी उपग्रहाचा झोत इंग्लंडसाठी नव्हता आणि तेथे पोहोचत होती ती त्याची कडेची क्षीण लहर. घरच्या तबकडीवर परक्या देशाचे चित्र पकडण्याच्या जगातील अगदी आरंभीच्या नोंदींत भारतीय शेतकऱ्यासाठी तयार केलेल्या कार्यक्रमाची नोंद आहे, ही बाब मराठी वाचकापर्यंत फारशी आलेली नाही आणि ती यायला हवी. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी घरी तबकडी उभारून अमेरिकी केबल वाहिन्यांचे प्रक्षेपण पकडले, आणि तेथून घरगुती तबकडीचा अमेरिकेतील प्रसार सुरू झाला. त्यांनी चित्रपट वाहिनीला पाहण्याबद्दलचे पैसे पाठवले आणि ते परत आले, कारण एकट्या प्रेक्षकाला विकण्याची कोणतीही व्यवस्था त्या कंपनीकडे तेव्हा नव्हती.

विदर्भाशी तबकडीचा थेट संबंध आला तो इन्सॅट या भारतीय उपग्रहमालिकेमुळे. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सुटला पण काही महिन्यांतच निकामी झाला. त्याच्या जागी इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून सोडण्यात आला आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. त्यावरील दोन शक्तिशाली प्रक्षेपक सुमारे २.६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ‘एस-बँड’ पट्ट्यात, खेड्यांतील सामुदायिक संचांसाठी राखलेले होते. ज्या सहा राज्यांत ही प्रादेशिक सेवा आखली गेली त्यांत यावेळी महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्रातून निवडलेला भाग नागपूर परिसराचा होता. पुण्यात १९८४ साली स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था शाळकरी मुलांसाठी जे मराठी कार्यक्रम करत असे, तेही याच उपग्रहव्यवस्थेतून जात. ही संस्था २०१७ साली बंद करण्यात आली, याची खंत नोंदवायलाच हवी. कुहीतून पाहता इन्सॅट-१बीची दिशा दक्षिणेच्या किंचित पश्चिमेस, दिगंश सुमारे १९५ अंश, आणि उन्नतांश सुमारे ६४.५ अंश येते. बारा फुटांच्या जाळीच्या तबकड्यांना या भागात त्या बाजूलाच तोंड करून उभे राहावे लागत होते.

परदेशी चित्राची हाक त्यानंतर सात-आठ वर्षांनी आली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले, अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीने ते युद्ध चालू असतानाच जगभर दाखवले, आणि मुंबई-दिल्लीतील पंचतारांकित हॉटेलांनी त्यासाठी तबकड्या बसवल्या. मुंबईच्या इमारतींत १९८०च्या दशकाच्या मध्यापासून व्हिडिओ कॅसेट लावून तारेने घरोघर चित्रपट दाखवणाऱ्या केबलवाल्यांनी त्यातले मर्म ताबडतोब ओळखले. त्याच वर्षी हाँगकाँगमधून ‘स्टार’चे प्रसारण सुरू झाले. उद्योगपती ली का-शिंग यांच्या हचिसन व्हॅम्पोआ समूहाची ही सेवा ज्या एशियासॅट-१ वर होती त्या उपग्रहाचा जन्मच विलक्षण आहे: ‘वेस्टार-६’ या नावाने तो १९८४ साली अवकाशयानातून सोडला गेला, चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले, दुरुस्तीनंतर तो नव्या मालकांना विकला गेला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या शीचांग तळावरून चिनी अग्निबाणाने पुन्हा आकाशात गेला. त्याचा दक्षिणेकडचा झोत भारतीय उपखंडावर पडत होता. भारतात या प्रसारणाची परवानगी कोणी मागितली नव्हती आणि कोणी दिलीही नव्हती. झोताला सीमा आखता येत नाहीत एवढ्या एका कारणाने परदेशी दूरचित्रवाणी मराठी मुलुखात आली.

या पाहुण्याला घरात घेण्यासाठी लागणारी तबकडी, जिला बोलीत ‘छत्री’ असे चपखल नाव मिळाले, बसवणे हे कौशल्याचे काम होते. तिचा मध्यातून घेतलेला छेद परवलयाचा असतो, आणि परवलयाचा गुण असा की दुरून समांतर येणाऱ्या सर्व लहरी परावर्तित होऊन एकाच बिंदूत, म्हणजे नाभीत, एकवटतात. नाभी कोठे आहे हे काढण्याची रीत सोपी आहे: तबकडीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा आणि त्याला खोलीच्या सोळापटीने भागावे. बारा फूट व्यासाची आणि दोन फूट खोल तबकडी असेल तर १४४ भागिले ३२, म्हणजे नाभी तळापासून साडेचार फुटांवर. तेथे तिपाईच्या टोकाला लहरी गोळा करणारे नळकांडे आणि त्यामागे ‘एलएनबी’ बसवतात. हे उपकरण अतिक्षीण लहर स्वतःचा गोंगाट शक्य तितका कमी मिसळून वाढवते आणि तिची वारंवारता उतरवते, कारण चार गिगाहर्ट्झची लहर साध्या तारेतून गच्चीवरून खोलीपर्यंत आणताना वाटेतच संपून जाते. किती क्षीण, याची कल्पना आकड्यानेच येते. उपग्रहावरून निघून ३७ हजार किलोमीटर पसरत आलेल्या लहरीतून बारा फुटी तबकडीच्या हाती लागते ती शक्ती एका वॉटचा साधारण लाख कोटीवा हिस्सा असते. तबकडी मोठी का लागते, याचे सगळे उत्तर या आकड्यात आहे; आठ फुटांची तबकडी बारा फुटांच्या निम्म्याहूनही कमी शक्ती गोळा करते आणि पडद्यावर मुंग्या परततात.

मोठी तबकडी अधिक गोळा करते तशी ती अधिक काटेकोरही असते. बारा फुटी तबकडीची नजर सी-बँडमध्ये जेमतेम दीड अंशाची असते, म्हणजे आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या तिप्पट रुंदीचा एक ठिपका, आणि उपग्रह त्या ठिपक्यात यावा लागतो. म्हणून बसवणाऱ्याचे पहिले काम सिमेंटच्या ओट्यात लोखंडी खांब ओळंब्यात उभा करण्याचे, कारण खांब एक अंश कलला तर पुढचे सगळे मोजमाप कलते. दिशा होकायंत्राने ठरवतात. नागपूरच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षा कमी फरक असल्याने येथे मोठी दुरुस्ती करावी लागत नाही, फक्त होकायंत्र लोखंडी खांबापासून आणि गच्चीतल्या सळयांपासून दूर धरावे लागते. मग तबकडी केसाकेसाने सरकवायची आणि खाली दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्याने चित्र आले की गेले ते ओरडून सांगायचे. शेवटी ध्रुवण जुळवायचे: लहरीचे कंपन आडवे किंवा उभे असते, एकाच वारंवारतेवर दोन वाहिन्या आडव्या-उभ्या कंपनांत वेगळ्या पाठवता येतात, आणि नाभीतले नळकांडे त्या कंपनाशी जुळेल असे फिरवले नाही तर नको ती वाहिनी हवी त्या वाहिनीवर सांडते. या कामाचे कोणतेही शिक्षण तेव्हा तालुक्याच्या गावात मिळत नव्हते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी ते हाताने शिकून घेतले, आणि गोलीय त्रिकोणमितीचे उत्तर त्यांनी नट-बोल्टांत काढले, ही साधी कामगिरी नव्हे.

वाऱ्याचाही विचार करावा लागे. पत्र्याच्या किंवा फायबरच्या बारा फुटी तबकडीचे क्षेत्रफळ सुमारे साडेदहा चौरस मीटर असते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर पाचशे ते सहाशे किलो वजनाइतका रेटा येतो, आणि विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत वळवाबरोबर येणारी वावटळ असा वारा आणू शकते. म्हणून बारीक छिद्रांच्या ॲल्युमिनियम जाळीच्या तबकड्या लोकप्रिय झाल्या, ज्यांतून वारा निघून जातो आणि लहर निघून जात नाही. निसर्गाचा आणखी एक अडथळा होता आणि तो पंचांगाइतका नियमित होता. वर्षातून दोनदा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा रेडिओ-गोंगाट उपग्रहाच्या क्षीण लहरीला गिळून टाकतो. कुहीच्या अक्षांशावर आणि एशियासॅटच्या जागेसाठी हे दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या आरंभाच्या आसपास येतात, वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, आणि चित्र काही मिनिटांसाठी मुंग्यांत बुडून आपोआप परत येते.

अशी तबकडी प्रत्येक घराला परवडणारी नव्हती, म्हणून महाराष्ट्रातील लहान गावांत तिचा रूढ झालेला प्रकार असा की तबकडी एकाच्या गच्चीवर आणि तारा शंभर घरांत. खेड्यातील सामुदायिक संच ज्या तत्त्वावर होता तेच तत्त्व येथे दुसऱ्या वाटेने परत आले: तेथे एका पडद्यासमोर गाव बसत होते, येथे एका तबकडीखाली गाव बसू लागले, मात्र प्रत्येक घर आपापल्या पडद्यासमोर. आणि या तारांतून येणाऱ्या चित्राला ‘परदेशी’ म्हणणे लवकरच अवघड झाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी टीव्ही’ सुरू झाली. तिचे कार्यक्रम हिंदी, निर्माते भारतीय आणि प्रेक्षक भारतीय, पण भारतातून खाजगी वाहिनीला उपग्रहाकडे प्रक्षेपण करण्याची मुभा नसल्याने चित्रफिती हाँगकाँगला जाऊन तेथून एशियासॅटवर चढत आणि मग भारतात उतरत. कायद्याच्या भाषेत ती परदेशी दूरचित्रवाणी होती. जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ‘स्टार’चा ६३.६ टक्के हिस्सा घेतला आणि संस्कृतीवरील आक्रमणाची चर्चा मराठी वृत्तपत्रांत जोरात सुरू झाली. त्या चर्चेतली काळजी खरी होती, पण तबकडीचा परिणाम मोजताना तिने जवळजवळ सर्व लक्ष इंग्रजी वाहिन्यांकडे दिले, तर विदर्भातल्या घरांत त्या तबकडीतून खरोखर उतरली ती हिंदी. मराठीला या आकाशात जागा मिळाली ती १५ ऑगस्ट १९९९ रोजी, ‘अल्फा मराठी’ ही झी समूहाची वाहिनी सुरू झाली तेव्हा, आणि पुढच्या वर्षी ‘ई टीव्ही मराठी’ आली.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत होता. हातात होते ते १८८५ आणि १९३३ सालचे तारायंत्र व बिनतारी संदेशवहनाचे कायदे, ज्यांच्या कर्त्यांनी घरावरच्या छत्रीची कल्पना केलेली नव्हती. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९५ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा झाला. त्याने केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले. म्हणजे नियमन झाले ते तारेचे. आकाशाविषयीचा खरा निर्णय जुलै १९९७ मध्ये आला, जेव्हा सरकारने ४,८०० मेगाहर्ट्झवरील वारंवारतांवर घरोघर थेट प्रसारण घेण्यास मनाई केली. ही मनाई लहान तबकड्यांवर होती: ‘केयू-बँड’ नावाच्या सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी अडीच सेंटिमीटर असल्याने दोन फुटांची तबकडी पुरते, आणि तशी थेट सेवा आणण्याच्या तयारीत परदेशी कंपन्या होत्या. सी-बँडची बारा फुटी छत्री मात्र मनाईच्या मर्यादेखाली राहिली. तीनेक वर्षे अशी गेली की गच्चीवर मोठी छत्री उभारणे चालत होते आणि खिडकीला छोटी लावणे चालत नव्हते. सरकारला भीती होती ती प्रत्येक घराने तारेशिवाय, स्थानिक केबलवाल्याशिवाय, परस्पर आकाशाशी जोडले जाण्याची. नोव्हेंबर २००० मध्ये धोरण बदलले, २००३ साली पहिली खाजगी थेट सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने आपली विनाशुल्क सेवा सुरू केली, जी आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ९३.५ अंश पूर्वेवरील उपग्रहावरून मिळते. कुहीतून तिची दिशा दिगंश सुमारे १४५ अंश आणि उन्नतांश सुमारे ६०.५ अंश. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात अडीच सेंटिमीटरची लहर थेंबांत शोषली जाते आणि चित्र थिजते. साडेसात सेंटिमीटरच्या लहरीला तोच पाऊस जवळजवळ जाणवत नाही, म्हणून केबलच्या मुख्य केंद्रांवर मोठ्या छत्र्या अजून उभ्या आहेत.

त्यांतल्या अनेक छत्र्या तीन दशके १०५.५ अंशाकडेच पाहत होत्या, कारण एशियासॅट-१नंतर त्याच जागी १९९९ साली एशियासॅट-३एस आणि पुढे एशियासॅट-७ आला. भारतात अवकाश क्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘इन-स्पेस’ या संस्थेने एशियासॅट-७ला भारतीय वाहिन्यांसाठी मार्च २०२६ पर्यंतचीच परवानगी दिली आणि प्रसारण कंपन्यांनी आपल्या वाहिन्या इतर उपग्रहांवर हलवायला सुरुवात केली, ज्यांत ८३ अंश पूर्वेवरील भारताचा जीसॅट-३० हा एक आहे. कुहीच्या अक्षांश-रेखांशांवर उभी असलेली बारा फुटी छत्री १०५.५ अंशावरून ८३ अंशावर न्यायची तर खांबाची पकड सैल करून तिला १२६ अंशांवरून १७० अंशांपर्यंत दक्षिणेकडे वळवावे लागते आणि तिचे तोंड ५१.५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत वर उचलावे लागते. इन्सॅट-१बीसाठी नागपूर परिसरातल्या सामुदायिक तबकड्यांचे तोंड १९८०च्या दशकात जितके वर होते, त्याच्या अर्ध्या अंशाच्या आत ही उंची येते.